हणमंतरावांचा उजवा हात

हणमंतरावांचा उजवा हात कोपरातून सरळ होत नाही, तो माझ्यामुळे. एवढं वाक्य लिहायला मला सव्वा वर्ष लागलं, आणि लिहून झाल्यावरही लाज तसूभर कमी झालेली नाही.

मी नचिकेत. मूळ पुण्याचा, गेली बारा वर्षं गुरुग्राममध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीत. कुणाला ट्रेकिंगचा नाद असतो, कुणाला गाड्यांचा. मला मारामारी शिकण्याचा. शाळेत कराटे, कॉलेजात तायक्वांदो, दिल्लीला आल्यावर साकेतला दोन वर्षं मुए थाई, नोएडात आठ महिने क्राव मागा आणि शेवटी घराजवळच्या जिममध्ये जिउ-जित्सू. एकातही मी तरबेज नाही. उंटावरून शेळ्या हाकणं मात्र छान जमायचं. माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल होतं. त्यात प्रत्येक कलेची एक ओळ, आणि पुढे हाताचा मारा, पायाचा मारा, पकड, जमिनीवरची झुंज, रस्त्यावरचा उपयोग असे रकाने. सगळ्यांना दहापैकी गुण. गुण देणाऱ्याने आयुष्यात खऱ्या भांडणात कधी बोट उचललेलं नव्हतं. पार्किंगवरून शेजारी अंगावर आला तेव्हा सुखदा, माझी बायको, पुढे झाली होती. मी मागे राहून तो पाय कसे रोवून उभा आहे ते बघत होतो.

त्या एक्सेलमध्ये कुस्तीची ओळ रिकामी होती, आणि ती मला खुपायची.

हणमंतराव भेटले मानेसरला. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्याचं काम आमच्या कंपनीकडे आलं होतं. तिथल्या कँटीनच्या रांगेत माझ्यापुढे एक ठेंगणा, रुंद माणूस उभा होता. त्याचे दोन्ही कान मोडून भज्यासारखे गोळा झालेले. हे कान पहिलवानाचेच, हे मी वाचून ओळखत होतो. मी विचारलं, "पहलवानी करते थे क्या?"

"करते थे ना," ते म्हणाले, "वो सांगली साईड को."

हिंदीचा तो थाट ऐकून मी तिथेच मराठीत सुरू झालो. त्यांना इतका आनंद झाला की आपल्या ताटातला गुलाबजाम उचलून त्यांनी माझ्या ताटात ठेवला.

कवठेमहांकाळजवळचं त्यांचं गाव. नवव्या वर्षी वडिलांनी तालमीत टाकलं. पहाटे जोर-बैठका, मग लाल मातीत लढत, मग वस्तादांच्या अंगाला तेल. विशीत जत्रांच्या फडात नाव झालं. पंचविसाव्या वर्षी गुडघा गेला आणि नाव विसरायला लोकांना एक हंगाम पुरला. गावच्या एकाच्या ओळखीने मानेसरला आले, तेव्हापासून सोळा वर्षं एकाच प्रेस मशीनवर होते. पत्रा ठेवायचा आणि दोन्ही बाजूंची दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबायची. दोन्ही हात बटणांवर असले तरच मशीन खाली येतं, म्हणजे हात आत सापडत नाही. दिवसाला अडीच हजार वेळा.

रविवारी मात्र ते वस्ताद असायचे. त्यांच्या खोलीमागे एक मोकळा प्लॉट आहे. तिथे त्यांनी वाळू आणि माती कालवून एक चौकोन केला होता आणि कामगारांच्या पंधरा-वीस मुलामुलींना ते शिकवायचे. फुकट. त्यांची बायको वैजयंती शेवटी सगळ्यांना भिजवलेले हरभरे द्यायची. मी दोन-तीनदा जाऊन बसलो, मोबाइलवर टिपणं काढली. अशाच एका रविवारी ते म्हणाले, "साहेब, मशीनचा आता वीट आलाय. दिवसभर दोन बटणं. अंगात जे हाय ते पोरांना देऊन जावं, एवढंच वाटतं बघा."

आणि नेमकं तेव्हाच आमच्या जिमच्या सोमबीर कोचला कुस्तीचे डाव शिकवणारा माणूस हवा होता. पूर्ण वेळ, पक्की नोकरी. मीच नाव सुचवलं. हे माझं पुण्यकर्म मी पुढचे आठ दिवस ऑफिसात सगळ्यांना सांगत फिरलो.

सोमबीर हरियाणाचा, जुना बॉक्सर. तो म्हणाला, "पहलवान तो बहुत देखे. ये देखना है कि हमारे रूल में चलता है कि नहीं. किसी के साथ एक राउंड लड़ा दो."

"मैं ही लड़ता हूँ," मी म्हणालो. मला माझी रिकामी ओळ दिसत होती. ऑफिसातले चौघं मी बघायला बोलावले. त्यातल्या एकाने माझ्या मोबाइलवर व्हिडिओ लावला. आणि हणमंतरावांचं वय चव्वेचाळीस, वजन माझ्यापेक्षा अकरा किलोंनी कमी, एक गुडघा गेलेला, हा हिशोबही मी मनात करून ठेवला होता. खोटं कशाला बोलू?

सुरू करण्याआधी सोमबीरने त्यांना नीट समजावलं, "उस्ताद, यहाँ चित-वित नहीं है. पीठ लग गई तो भी चालू. सामने वाला दो बार हाथ से थपथपाए, या मुँह से बोल दे कि बस, तभी छोड़ना है. समझे?"

"समझे," हणमंतराव म्हणाले. गादीला हात लावून त्यांनी तो कपाळाला लावला.

अर्धं मिनिट लागलं असेल. माझे कराटे, तायक्वांदो, मुए थाई कुठे गेले कळलं नाही. ते कमरेखाली शिरले, छत मला एकदा दिसलं आणि मी पाठीवर होतो. छातीवर त्यांचा खांदा, मानेखाली हात. मी सुटायचे तीन प्रकार केले, जे मी इतरांना समजावून सांगत असे. प्रत्येक वेळी ते थोडेसेच सरकले आणि भार वाढला. मला श्वास घेता येईना. भीती वाटली, अगदी लहान मुलासारखी. आणि माझ्या तोंडून शब्द गेला, "झालं... झालं."

दिवसभर मी हिंदी-इंग्रजीत बोलणारा माणूस, पण जीव घाबरला तेव्हा मराठीच आली.

हणमंतरावांनी त्या क्षणी सोडलं. एका गुडघ्यावर उठले आणि मला उठवायला त्यांनी उजवा हात पुढे केला. तालमीत असंच करतात. त्यांच्या पलीकडे मला ऑफिसचे चौघं दिसले. एकजण हसत होता. मी तो पुढे आलेला हात मनगटाला दोन्ही हातांनी धरला, पाय वर टाकून त्यांना खाली ओढलं आणि कोपर उलट्या बाजूला ताणलं. हा डाव मी शेकडो वेळा घोटला होता. हळूहळू ताण द्यायचा असतो, समोरच्याला थोपटायला वेळ द्यायचा असतो. मी दिला नाही.

"अहो," ते म्हणाले. एवढंच. मग कोपरातून ओली फांदी मोडल्यासारखा आवाज आला.

पुढची गडबड मी सांगत बसत नाही. बर्फ, गाडी, हाडांचे डॉक्टर. मला सांगायचंय ते त्यांना गाडीत बसवल्यानंतरचं. सोमबीरने मला बाजूला घेतलं. "उसने छोड़ा क्यों?" त्याने विचारलं. "तूने टैप किया था? कुछ बोला था?"

तिथे एक शब्द पुरला असता. "हाँ" म्हटलं असतं तर नियमाप्रमाणे ते जिंकले होते, आणि मी हरल्यावर हात मोडणारा माणूस ठरलो असतो.

"नहीं तो," मी म्हणालो.

सोमबीरने मान हलवली. "वही पुरानी आदत. पीठ लगा दी तो समझा जीत गया. ऐसा आदमी यहाँ नहीं सिखा सकता, यार."

माझे मित्रही तेच म्हणाले. बिचारा देसी पहिलवान, नियमच कळला नाही. ज्याने नियम अक्षरशः पाळला त्याच्यावर मी अडाणीपणाचा शिक्का बसू दिला. आणि घरी येऊन मी काय केलं? अंघोळ केली, लॅपटॉप उघडला आणि कुस्तीची ओळ भरली. पकड नऊ. जमिनीवरची झुंज चार. शेरा: बेसावध राहण्याची सवय.

महिन्याभरात मला जिममध्ये पुढचा, निळा पट्टा मिळाला.

हणमंतरावांचं कोपर जुळलं, पण वाकडं. उजवा हात बटणापर्यंत पोचेना. ठेकेदाराने आधी पॅकिंगला लावलं, मग तीन महिन्यांनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. आता ते एका गोदामाच्या फाटकावर बसतात. मी सुरुवातीला दोनदा भेटायला गेलो, फळं घेऊन. वैजयंतीताईंनी दोन्ही वेळा पिशवी माझ्या हातून घेतली नाही, ओट्यावर ठेवा म्हणाल्या. हणमंतराव नेहमीसारखेच बोलले. त्यांनी विषय काढला नाही, म्हणून मीही काढला नाही. त्यांना त्या गडबडीत शब्द ऐकूच गेला नसेल, त्यांनी आपणहूनच सोडलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. मी ते चांदणंसुद्धा पडदा ओढून बंद केलं.

तो पडदा सुखदाने उघडला. गेल्या महिन्यात जुने व्हिडिओ पुसून माझा फोन रिकामा करताना तिला त्या लढतीचा व्हिडिओ सापडला. जिममधल्या गाण्यांच्या आवाजात काही ऐकू येत नाही, हे मी दहा वेळा तपासलेलं होतं. तिने कानात इअरफोन घालून बघितला. मी समोर भाजी चिरत होतो.

"नचिकेत," ती म्हणाली, "तू 'झालं' म्हणालास."

तिने तो तुकडा परत लावला, मग परत. "दोनदा म्हणालास. आणि मग त्यांनी सोडलं." तिने इअरफोन काढले. "तुला हे सगळे दिवस माहीत होतं?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या हातातली सुरी घेतली आणि उरलेली भाजी स्वतः चिरली. त्या घरात मला बसायला जागा राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी सोमबीरकडे गेलो. त्याला व्हिडिओ दाखवला, शब्दाचा अर्थ सांगितला. त्याने शांतपणे ऐकलं. म्हणाला, "वो जगह तो कब की भर गई." मग फोन मला परत देत, "मुझे क्यों बता रहा है? उसको बता." मी निघालो तेव्हा तो म्हणाला, "बेल्ट यहीं रख जा." मी निळा पट्टा त्याच्या टेबलावर ठेवला.

रविवारी मानेसरला गेलो. रिकाम्या हाताने, फळांची पिशवी घेऊन जायची हिंमत नव्हती. वाळूच्या चौकोनाकडेला हणमंतराव उकिडवे बसले होते, वाकडा हात मांडीवर. मुलं जोर काढत होती. मी शेजारी बसलो आणि वाटेत पाठ केलेलं सगळं विसरून एकदम बोललो, "हणमंतराव, त्या दिवशी मी 'झालं' म्हणालो होतो."

"म्हणूनच सोडलं की," ते म्हणाले.

"तुम्ही ऐकलं होतंत? मग कुणाला सांगितलं का नाही? सोमबीरला सांगायचं होतंत. तुमची नोकरी..."

"काय सांगायचं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "तिथं मराठी कुणाला कळत हुतं? कळणारे तुम्ही एकटेच हुता."

मी सोमबीरला सांगितल्याचं बोललो, माफी मागितली, दुसरं काम बघतो म्हणालो. ऐकताना माझं मलाच ते सगळं फुसकं वाटत होतं. ते एवढंच म्हणाले, "बरं केलंत. तुमच्या जिवाला बरं वाटंल." मग त्यांनी टाळी वाजवता येत नाही म्हणून मांडीवर थाप मारली आणि दोन मुलींना मातीत उतरवलं.

थोरलीने धाकटीला खाली घेतलं. धाकटी कळवळून ओरडली, "बस, बस, हार गई!" थोरलीने सोडलं नाही. तिने मान वळवून हणमंतरावांकडे बघितलं. ते उठले, लंगडत जवळ गेले, वाकून दोघींचे हातपाय कुठे आहेत ते बघितलं, धाकटीचे दोन्ही हात स्वतः डाव्या हाताने बाजूला केले, आणि मगच म्हणाले, "छोड़."

थोरली सोडून दोन पावलं मागे सरली. धाकटीला उठवायला तिने हात दिला नाही. धाकटी आपली आपण उठली.

"मागच्या वर्षी असं नव्हतं," मी म्हणालो. "तेव्हा बस म्हटलं की लगेच सोडायची."

"व्हय," हणमंतराव पायाने माती सारखी करत म्हणाले. "तवा तोंडचा शब्द चालायचा."