श्री नसलेलं कार्ड

मुलांनो, एका कंपनीने लोकांना फसवून केलेल्या गमतीचा व्हिडिओ काल तुम्ही पाठवलात आणि विचारलंत, "आजी, तू हसली का नाहीस?" म्हणून हे लिहिते.

आपल्याकडे पत्राच्या माथ्यावर 'श्री' लिहितात. मृत्यूची बातमी असेल तरच ती जागा कोरी ठेवतात. असं कार्ड वाचून फाडायचं आणि अंघोळ करायची.

गेल्या महिन्यात शेजारच्या मालतीबाईंच्या दारात एक कार्ड पडलं. वर श्री नव्हता, खाली 'दुःखद निधन'. त्यांचा भाऊ नागपूरला आजारी होता. पुढे न वाचताच त्यांनी कार्ड फाडलं आणि नेसत्या साडीनिशी डोक्यावर पाणी ओतून घेतलं. मी तुकडे जुळवले. 'आपल्या जुन्या फ्रिजचे दुःखद निधन. आजच नवा घ्या.'

"अहो, जाहिरात आहे ही!"

"मेल्यांना दुसरं काही सुचलं नाही?" त्या कुडकुडत म्हणाल्या आणि हसल्यासुद्धा.

आठवड्याने त्यांच्या भाच्याने हॉस्पिटलच्या फोनवरून कळवलं, "आत्या, बाबा गेले." अनोळखी नंबर, बसलेला आवाज. "आम्हाला फ्रिज नकोय," म्हणत त्यांनी फोन ठेवून दिला. शेवटी त्याने मला फोन केला आणि ते सांगायची वेळ माझ्यावर आली.

त्या जागच्या उठल्या नाहीत. "माझी अंघोळ मागेच झाली," एवढंच म्हणाल्या.

त्या कोऱ्या जागेवर आमचा विश्वास होता. तो जाहिरात करणाऱ्या कंपनीने एका फ्रिजसाठी वापरून टाकला.

या पत्रावर मी श्री लिहिला आहे. माझ्या हातचा श्री अजून खरा आहे.