पथ्याचा डबा घेऊन दादर ते गिरगाव

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "सहा आठवडे गहू, दूध, अंडी, शेंगदाणे, सोयाबीन आणि सगळ्या डाळी बंद. एक घास चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून." माझ्या अंगावर सारखं पित्त उठतं, ओठ सुजतात आणि कशानं ते कळत नाही. म्हणून सगळं बंद करायचं आणि मग एकेक पदार्थ परत सुरू करून चोर पकडायचा. अशा दिवसांत शहाणा माणूस घर सोडत नाही. पण धाकट्या भावाचं, सुमेधचं, लग्न ठरायच्या बेतात होतं. त्याचा फोन आला, "ताई, तू आली नाहीस ना, तर आई सगळं फिसकटवून टाकेल." मग काय, भरला डबा आणि निघाले नाशिकहून.

भानगड अशी की आम्ही काळाचौकीचे. वडील गिरणीत होते, घर बौद्ध. मुलगी अनघा गिरगावातल्या जुन्या घरंदाज कुटुंबातली. आईची अट एकच. "त्यांनी आपल्या घरी येऊन खाल्लं पाहिजे. मग खुशाल करा लग्न." आईच्या लहानपणी चाळीत काही कामानं येणाऱ्या साळसूद बाया "आज उपास आहे हो" म्हणून पाण्यालाही शिवायच्या नाहीत. "आठवड्याला तीन एकादश्या यायच्या त्यांच्या," हे आई आजही तितक्याच रागानं सांगते.

शनिवारी एसटीनं दादर गाठलं. तुम्ही असा प्रवास करणार असाल तर पहाटेची गाडी घ्या, ठाण्याच्या पुढे बस मुंगीच्या पावलानं चालते. बरोबर तांदळाची भाकरी आणि दुधीची भाजी होती, पण म्हटलं, दादरला आलेय तर एखाद्या मराठी उपाहारगृहात बसून बघू. तिथं इडलीत उडीद, थालीपिठात गहू आणि डाळी, अळूवडीत बेसन. वेटरला विचारलं, शेंगदाणे नसलेलं काय आहे?

"उपासाचं देऊ?" तो म्हणाला. म्हणजे साबुदाण्याची खिचडी, म्हणजे दाण्याचं कूटच कूट!

"बटाट्याची भाजी चालेल. पण हिंग नको."

"हिंगाशिवाय बटाट्याची भाजी? हिंगानं काय होतं?"

"बाजारातल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं हो."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मलाच माझी लाज वाटली. "मॅडम, हिंग म्हणजे हिंग. गहू म्हणजे गहू." शेवटी बिनतुपाचा भात, मीठ आणि कोकम सरबत. दीडशे रुपयांत मीठभात खाल्लेली दादरमधली मी बहुधा पहिलीच. शेजारच्या टेबलावर मिसळ आली तेव्हा मी मान भिंतीकडे वळवली. तुम्हाला सांगून ठेवते, गर्दीच्या वेळी जाऊ नका. स्वयंपाकघरात विचारून यायला वेटरला वेळ नसतो, मग तो ठोकून देतो.

रविवारी सकाळी गिरगावची मंडळी घरी आली. अनघा, तिचे आईवडील आणि आजी. आई पहाटेपासून ओट्याशी होती. ओल्या नारळाच्या करंज्या, कांदेपोहे, साजूक तुपातला शिरा. घरभर नुसता घमघमाट, आणि मी कोपऱ्यात माझा दुधी घेऊन. अनघानं चार करंज्या खाल्ल्या, लाजत लाजत पाचवीकडे बघत होती. तिच्या आईवडिलांनी पोहे संपवले. आजींनी बशी हातानं लांब सारली.

"मला नको हो. पथ्य आहे. बाहेरचं काहीच चालत नाही, तळलेलं तर विषच." आणि पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढली.

खरं सांगते, मला सख्खी मैत्रीण भेटल्याचा आनंद झाला. मी विचारलं, "कसलं पथ्य, आजी?" "पोटाचं," एवढंच म्हणाल्या.

आईनं मला आत ओढलं. "बघितलंस? एकादशी!"

"आई, उगाच काहीतरी नको बोलूस. मी तुझी करंजी खाल्ली का? मग मी काय तुझा विटाळ मानते? खरंच असतं गं लोकांना पथ्य. महिनाभर माझे काय हाल चाललेत ते बघ."

आई बराच वेळ माझ्या डब्याकडे बघत राहिली. मग पदरानं तोंड पुसून बाहेर गेली आणि म्हणाली, "उद्या तारीख ठरवू." सुमेधनं आतल्या दारातून मला दोन्ही अंगठे दाखवले. त्या क्षणी मला केवढा अभिमान वाटला माझा! माझ्या शब्दावर आईनं आयुष्यभराचा सल गिळला होता.

त्या खुशीत दुपारी सुमेध मला लालबागच्या एका मालवणी खानावळीत घेऊन गेला. पथ्यवाल्यांनो, पोट भरून जेवायचं तर इथं. मासे मला चालतात. तांदळाची भाकरी, कोकम घातलेली सुरमईची कढी, सोलकढी. फक्त तळलेला मासा मागवू नका. तो तांदळाच्या पिठात घोळवून देतो म्हणतात, पण तवा तोच, रव्याचा. मालकीणबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "बाय माझे, मगे तळलेला नको. कढी घे, आणखी वाढतंय." वाद नाही, प्रश्न नाही. सुमेध म्हणाला, "ताई, तू नसतीस तर आपला सीन संपला होता." मीही फुशारून गेले.

सोमवारी गिरगाव. दादरहून जाणाऱ्यांना आता भुयारी मेट्रो सोयीची, पण आईची साडी कडक इस्त्रीची होती, म्हणून टॅक्सी केली. अनघाच्या वडिलांनी एका जुन्या उपाहारगृहात बोलावलं होतं. घरी का नाही, हे आईनं विचारलं नाही, मीही नाही. मी आदल्या दिवशी फोन करून बिनहिंगाचा भात आणि उकडलेला बटाटा सांगून ठेवला होता. तो आला, अळणी आणि गार.

आम्ही बसतोय तोच म्हातारा वेटर हसत आला. "आजी, नेहमीचंच ना? साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी, वर पियूष?"

आजींनी मान हलवली. वडे आले, तेलानं चकाकत होते. आजी चटणी लावून, बोटं चाटून जेवल्या. अनघाचा चेहरा लालबुंद. तिची आई मेनूकार्ड वाचत बसली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी विचारलं, "आजी, तळलेलं विष होतं ना? पियूष चालतो का पथ्याला?"

"ते पथ्य काल होतं," आजी शांतपणे म्हणाल्या.

"आजी!" अनघा ओरडली.

आईनं माझ्या हातावर हात ठेवला. "असू दे गं. कुणाकुणाचं पथ्य वारावर असतं. घर बघून असतं." मग अनघाच्या वडिलांकडे वळून तिनं तारखेचं बोलणं सुरू केलं. आवाज जरासुद्धा हलला नाही. स्वतःच्या बशीतलं मात्र तिनं काहीच खाल्लं नाही.

परतताना सुमेध विनवण्या करत होता. "आई, म्हातारी आहे गं ती. अनघा तशी नाहीये." आई म्हणाली, "माहितेय मला. पोरगी चांगली आहे. लग्न होईल." आणि माझ्याकडे न बघता, "तू म्हणालीस म्हणून मी खरं मानलं." टॅक्सीच्या खिडकीतून भायखळा बघत बसले.

आता नाशिकला परत आलेय. ओठ सुजले नाहीत, पथ्य मोडलं नाही, डॉक्टरीणबाई खूश आहेत. तुम्ही विचाराल, असं पथ्य सांभाळून मुंबईत फिरता येतं का? येतं. डबा न्या, हिंगाबद्दल विचारा, लालबागला जेवा. लोक हसतील, नाटकं म्हणतील, ते सहन करा. पण एक गोष्ट अजून घशाखाली उतरत नाही. खरं पथ्य असलेल्या माणसानं खोट्या पथ्याची हमी दिली, तीही आपल्याच आईला.

काल आईचा फोन आला. हॉल ठरला, जेवण मुलीकडचे देणार आहेत. मी म्हटलं, छान.

"ऐक," आई म्हणाली, "तुझ्या त्या पथ्यात काय काय बंद असतं ते सांग बघू नीट."

"कशाला गं? तुला काही त्रास होतोय का?"

"त्रास कसला? लग्नात जेवायला बोलावतील, तेव्हा माझं पथ्य म्हणून सांगायला लागेल मला."

समजावणार होते, पण कुठल्या तोंडानं?

"गहू," मी म्हटलं.

"गहू," आई म्हणाली. "पुढं?"