कपातलं गरम पाणी

गुडघा शेकायला गरम पाण्यात मीठ टाकलं, की त्या वाफेबरोबर मला आमच्या निर्मळच्या घराची ओटी आठवते.

आमचे हे गावच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर. त्या वर्षी लीगमध्ये संघ हरतच होता, पण कपच्या स्पर्धेत कसा कोण जाणे जिंकत गेला आणि एका शनिवारी चक्क मोठा चकचकीत कप घेऊन आला. मी ओवाळायला ताट घेऊन उभी, तर अकराही जण आमच्या ओटीवर आडवे. दुसऱ्याच दिवशी लीगची शेवटची मॅच होती, आणि ती हरली तर संघ खालच्या गटात जाणार होता. मग काय, घरातली सगळी पातेली त्यांचे पाय शेकायला गेली. यांच्या सुजलेल्या गुडघ्यासाठी भांडंच उरलं नाही, म्हणून मी कपातच मिठाचं गरम पाणी ओतलं आणि त्यात फडकं बुडवलं.

शेजारच्या काकू बघायला आल्या. "कप कुठंय गो?"

"कामात आहे," मी म्हटलं.

हे हसलेसुद्धा नाहीत. "उद्या उभा राहीन ना गं मी?" एवढंच विचारलं. मला रागच आला. कप जिंकून आलेल्या माणसाने जरा आनंद तर दाखवावा.

रविवारी उभे राहिले, पण संघ हरला आणि खाली गेला. कपाच्या तळाला मिठाचा काळा डाग पडला, तो अजून आहे.

आता आम्ही मनवेलपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. काल शेक घेताना मीच विचारलं, "उद्या जिना उतरवेल ना हो मला?"

हे उठले आणि कपाटावरचा कप काढून आणला.