ट्रायपॉडखालचा दगड

लडाखच्या त्या उंच खिंडीत वाऱ्याने ट्रायपॉड डुगडुगत होता. माझ्या धाकट्या भावजींनी शेजारच्या, नुसते दगड रचून केलेल्या भिंतीवरचा एक सपाट दगड उचलला आणि त्याच्या पायाखाली सरकवला. दगडावर बौद्ध मंत्र कोरलेला होता. कुणीतरी आपल्या गेलेल्या माणसासाठी तो तिथे आणून ठेवला असेल.

"भावजी, तो आधी जागेवर ठेवा."

"दोनच मिनिटं, वहिनी! डोंगरभर दगडच तर पडलेत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी टेबल हललं तर हा माणूस देव्हाऱ्यातला टाक काढून पायाखाली घालेल का? दुसऱ्याचा देव मात्र आपल्याला बिनदिक्कत दगड वाटतो!

फोटो सुरेख आला. एवढ्या वाऱ्यात कॅमेरा जराही कसा हलला नाही, असं सगळे विचारतात. भावजी नुसते हसतात.

मग मी सांगते.