गेटच्या स्क्रीनचा प्रोग्रॅम

टँकरच्या टॉमीचा पहिला फटका मी फोनवर ऐकला. चाक खोलायची ती लोखंडी दांडी गेटच्या खिडकीवर बसली, काच खळकन फुटली आणि काका ओरडले. फोन त्यांच्या हातातून पडला असावा, कारण पुढचं सगळं, ड्रायव्हरचं ओरडणंही, लांबून येत होतं. “सुबह से मशीन मशीन बोलता है! ये ले तेरी मशीन!” मग एक बोथट आवाज. तो काकांच्या उजव्या मनगटाचा होता, हे मला नंतर कळलं.

काका माझे कुणी नात्याचे नव्हते. शहाडच्या आमच्या रासायनिक कारखान्यात ते गेटवर क्लार्क होते. भरलेल्या टँकरचा पास त्यांच्या खिडकीतून निघायचा, मगच गाडी बाहेर पडायची. माझे वडील खडी फोडायचे. तालुक्याच्या शाळेतून शिकून पदवीपर्यंत पोचलेला घरातला पहिला मी. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला ठाकुर्लीत खोली काकांनी शोधून दिली आणि पहिला महिनाभर स्वतःच्या डब्यातली अर्धी भाजी माझ्या ताटात वाढली. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

मी कॉम्प्युटर विभागात होतो. कंपनीचा मुख्य कॉम्प्युटर जुना, काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं. माणसाने नाव आणि पासवर्ड टाकला की पुढे त्याचा स्क्रीन कुठल्या प्रोग्रॅमच्या ताब्यात द्यायचा, हे प्रत्येक नावापुढे आधीच ठरवून ठेवावं लागतं. तो प्रोग्रॅम दाखवेल तेवढंच माणसाला दिसतं, तो सोडेल तेव्हाच माणूस सुटतो. हे ठरवायचं काम माझ्याकडे आलेलं. वर्षानुवर्षं सगळ्यांना एकच मोठा मेन्यू होता. गेटवरून कुणीतरी चुकून दिवसभराचे पास पुसले, तेव्हा आमच्या विभागाचे साहेब भडकले. “गेटला फक्त पास. बाकी सगळे रस्ते बंद कर.”

जुना मेन्यू छाटून देता आला असता, पण मी स्वतः नवा प्रोग्रॅम लिहिला. काहीही चुकलं की तो माणसाला थेट बाहेर काढायचा. मला त्याचा फार अभिमान होता. चुकलेला पास रद्द करायची सोय मात्र मी ठेवलीच नव्हती. एकदा चुकला की तो अर्धवट पास तसाच अडकून राहायचा, आणि परत आत आलेल्या माणसाला प्रोग्रॅम परत बाहेर काढायचा.

तो लावायला मी खंडेनवमीचा दिवस निवडला. त्या दिवशी कारखान्यातली यंत्रं बंद ठेवून पूजा होते, त्यामुळे एकटा गेटचा स्क्रीन चालू राहणार होता, आदल्या दिवशी भरलेले टँकर सोडायला. काही बिघडलं तर एकाच ठिकाणी बिघडेल, असा माझा हिशोब.

आमच्या खोलीत आरतीची तयारी चालली असताना काकांचा पहिला फोन आला.

“अरे बाळा, तुझा नवा प्रोग्रॅम मला बाहेर फेकतोय. गाडीच्या नंबरात एक आकडा चुकला, आता पासच निघत नाही.”

“काका, नंबर नीट बघून टाका. परत आत या.”

“आलो रे परत! परत फेकतोय. हा ड्रायव्हर सकाळपासून ताटकळलाय, डोकं फिरलंय त्याचं.”

साहेब म्हणाले, “आरती होऊ दे. गेट काय पळून जातंय?”

आरती झाली. दुसरा फोन आला तेव्हा काकांचा आवाज बारीक झाला होता. “भिंतीला लाथा मारतोय. काहीतरी कर.”

काकांच्या नावापुढे जुना मेन्यू परत लावायचा, एवढंच करायचं होतं. एका ओळीचं काम. पण कीबोर्डवर हळदकुंकू होतं, झेंडूची फुलं होती. पूजा झालेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. वडील खंडेनवमीला घण उचलायचे नाहीत. साहेब माझ्याकडे बघत होते. माझा हात फुलांपर्यंत जाऊन मागे आला.

“काका, आज हाताने पास लिहा. उद्या सकाळी करतो.”

“हाताने लिहिलेला पास सिक्युरिटी घेते का? तुला ठाऊक नाही?”

आणि काच फुटली.

मी धावत गेटवर पोचलो तेव्हा टॉमीचा आणखी एक फटका स्क्रीनवर बसत होता. काका खुर्चीखाली हात पोटाशी धरून पडलेले, शर्ट रक्ताने भिजलेला. सिक्युरिटीवाल्यांनी ड्रायव्हरला मागून खेचून खाली पाडलं. मग कामगार धावले. पट्टे निघाले. कुणीतरी त्याचं तोंड टँकरच्या चाकावर आपटलं, एकदा, परत एकदा, आणि त्याचे दात मातीत पडले. तो “बस, बस” म्हणत होता. मी गर्दीतून आत घुसलो आणि त्याला लाथ मारली. बूट बरगडीवर बसला. आतलं काहीतरी मोडल्याचं माझ्या पायाला कळलं. तरी मी अजून एक मारली.

काकांना कल्याणला हॉस्पिटलात नेलं, ड्रायव्हरला पोलिसांनी नेलं. दसरा झाल्यावर साहेबांनी मला अहवाल लिहायला बसवलं.

“लिही, ऑपरेटरने नंबर चुकवला. वयामुळे नवी पद्धत जमली नाही.”

“साहेब, काकांची नोकरी जाईल.”

“दोनच वर्षं राहिलीत. बसेल घरी. तू तुझं बघ.”

माझं इंग्रजी मोडकं असूनही मला आत घेणारे साहेब हेच. त्यांचे उपकार मी आजही मानतो. पण मी लिहिलं की आकडा एक चुकला, रद्द करायची सोय मी ठेवली नव्हती, दोनदा फोन आला आणि दुसऱ्या वेळी मी कीबोर्डसमोर उभा असून हात लावला नाही. साहेबांनी कागद चुरगाळून माझ्या तोंडावर फेकला. “तुझ्यासारख्याला आत घेतलं तिथेच चुकलं माझं.” मी दुसरी प्रत छापली आणि साहेबांच्या वरच्या मॅनेजरच्या टेबलावर ठेवून आलो. मला लेखी ताकीद मिळाली. काकांची नोकरी राहिली.

अडीच महिन्यांनी ते गेटवर परतले. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती. त्यांच्या नावापुढे मी छाटलेला जुना मेन्यू लावला होता. त्यांनी डाव्या हाताने मुद्दाम एक चुकीचा नंबर टाकला, रद्द केला, तो गेल्याचं बघितलं. मग स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले, “तूही मारलंस म्हणे त्याला.”

“हो.”

“खाली पडल्यावर?”

“हो, काका.”

बाहेर टँकरने हॉर्न दिला. काकांनी खिडकीतून टँकरकडे बघितलं.

“जा, त्याचा नंबर वाचून ये,” ते म्हणाले. “आणि ड्रायव्हरला पाणी विचार.”