साहेबांचा ओळंबा

शेजारच्या इमारतीतल्या बँकवाल्या साहेबांइतका खरा माणूस मी पाहिला नाही, आणि देवाच्या दयेने पुन्हा पाहावाही लागू नये. बँकेने त्यांना मुंबईहून जपानला धाडलं होतं. जीव मात्र अठराव्या शतकातल्या व्हेनिसमध्ये अडकलेला. शहराची खिडकीन् खिडकी रंगवणारे त्या काळचे चित्रकार हे त्यांचं दैवत. घरी गेलं की चहाच्या आधी त्या चित्रांचं जाडजूड पुस्तक आणि भिंग समोर येई. "ही बघा, तिसऱ्या मजल्यावर गालिचा झटकणारी बाई!" आम्हाला दिसे ठिपका. आम्ही "वा!" म्हणत असू, कारण त्याशिवाय चहा येत नसे.

रविवारी ते बाल्कनीत बसून त्याच थाटात टोकियोजवळच्या उरायासुतली आमची गल्ली रंगवत; विजेच्या तारा मोजून, कचऱ्याच्या पिशव्या वाराप्रमाणे. एका चित्रात आमच्याकडे वाळत घातलेलं माझं बनियन होतं, भोकासकट. "अहो, निदान भोक तरी बुजवा," बायको म्हणाली. "वहिनी, भोक मी पाडलेलं नाही," साहेब म्हणाले. त्या व्हेनिसवाल्यांनीसुद्धा चित्र जमावं म्हणून मनोरे इकडचे तिकडे सरकवलेत, असं मी एकदा म्हणून पाहिलं. पंधरा दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला.

मग भूकंप झाला. आमची जमीन समुद्रात भराव टाकून केलेली. चिखल वर आला, विजेचे खांब कलले, नळ कोरडे पडले. आम्ही बादल्या घेऊन रांगेत, आणि साहेब गवंड्यासारखा दोरीचा ओळंबा सोडून कुठला खांब किती कलला ते टिपताहेत! चित्र पुरं व्हायच्या आत एक खांब सरळ केला गेला, तेव्हा मात्र ते मनापासून हळहळले. माणूस आहे की पट्टी, असं मी घरी स्पष्ट बोललो.

गल्लीतल्या एका एकट्या आजींचं घरही कललं होतं. ते पाडायचं ठरलं, तेव्हा आजी मिठाईचा डबा घेऊन साहेबांकडे आल्या. दुभाषी म्हणून माझी दहा वर्षांची मुलगी, सोबत मी. आजींना घराचं चित्र हवं होतं, पण सरळ उभं. वाकडं घर डोळ्यांपुढे ठेवून उरलेले दिवस काढायचे नाहीत, म्हणाल्या.

"सांग बाळा त्यांना," साहेब म्हणाले, "मी दिसतं तेच काढतो. खोटं जमणार नाही."

मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आजींना जपानीत सांगितलं, "काढतो म्हणतात."

आजी तीनदा कमरेत वाकल्या आणि डोळे पुसत गेल्या. "नकार किती समजूतदारपणे घेतला!" साहेब खूश. मी घाईघाईने मिठाईचा डबा त्यांच्यापुढे सरकवला.

घर पाडलं, त्या दिवशी मुलीने स्वतःच जाऊन त्यांना खरं काय ते सांगितलं. ते रागावले नाहीत. दार तेवढं लावून घेतलं. पुढे मुदत संपून मुंबईला परतताना ते एकटेच आजींच्या नव्या खोलीवर जाऊन आले, एवढं कळलं.

नंतर आम्ही आजींना भेटायला गेलो. भिंतीवर आमची गल्ली होती. खांब कललेले, कुंपणं कललेली, माझं बनियन भोकासकट. आणि मधोमध आजींचं घर, ओळंब्यात उभं. साहेब प्रत्येक चित्रावर तारीख घालत, यावर नव्हती. हा माणूस इथे असताना मी त्याची फक्त टिंगल केली.

आजींनी चहाच्या आधी माझ्या हातात साहेबांचं भिंग दिलं आणि घराच्या दाराकडे बोट दाखवलं. "ही मी," म्हणाल्या.

मला ठिपका दिसला. मी "वा!" म्हणालो, आणि या वेळी चहासाठी नाही.