मिठाच्या मावशीचा अर्ज

ईशान, मीरा,

मीरा नॉर्वेतल्या विद्यापीठात संशोधनाच्या जागेसाठी अर्ज करते आहे, असं तुमच्या आईने फोनवर सांगितलं. अर्ज जाण्याआधी हे वाचा, म्हणून घाईने लिहिते आहे. सुट्टीत जेद्दाला यायचात तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या जिला तुम्ही 'मिठाची मावशी' म्हणायचात, तिच्याबद्दल.

बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून आमच्या स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावल्याशिवाय ती महत्त्वाचं काही बोलत नसे. मी एकदा म्हटलं, "नळ सोड की, सिनेमात तसंच करतात." तर म्हणाली, "काकू, ते पाणी गोडं करायला काय लागतं ते मी रोज बघते. पंखाच बरा." समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत ती होती, पाइपांत साचणारं मीठ हा तिचा विषय.

नॉर्वेचं नाव ती घेतच नसे. "तिकडे" म्हणायची. तिकडच्या विद्यापीठात अगदी तिच्या विषयातली, तीन वर्षांची जागा निघाली होती. इकडे तिचं कंत्राट दोन महिन्यांत संपणार होतं, आणि ते वाढवणं साहेबाच्या हातात होतं. साहेब आपल्याकडचाच, पण दुसरीकडे अर्ज केला म्हणून त्याने दोघांना घरी पाठवलेलं तिने पाहिलं होतं. कंत्राट गेलं की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना गेला, मग परतीचं विमान. नाशिकला वडिलांचं डायलिसिस तिच्या पगारावर चालू होतं.

अर्ज तिने मला तपासायला दिला. वडिलांचं नाव, जन्मगाव, पासपोर्ट फोटो, सगळं घातलेलं. तिकडे हे लागत नाही, म्हणून ते मी काढायला लावलं. पण शिफारस देणाऱ्यांच्या यादीत सध्याच्या वरिष्ठांची जागा कोरी होती.

"हे का सोडलंस? रिकामी जागा असलेला अर्ज मी शाळेत परत करत असे."

"काकू, त्यांनी फोन केला तर?"

"अगं, नावापुरतं असतं ते. एवढ्या लांबून कोण फोन करतंय!"

माझ्या शब्दावर तिने साहेबाचं नाव भरलं.

तिकडची ऑनलाइन मुलाखत माझ्या बेडरूममध्ये झाली, कारण तिच्या फ्लॅटमध्ये कंपनीतल्याच दोघी राहत. मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. आतून तिचा मोकळा, मोठा आवाज पहिल्यांदाच ऐकला. मिठाबद्दल बोलताना ती चक्क हसत होती.

पुढचे आठ दिवस लिफ्ट थांबली तरी ती दचकायची. अनोळखी नंबर दिसला की फोन माझ्या हातात द्यायची. "तुम्ही बघा काकू, माझ्याने होत नाही." मलाही होत नव्हतं, पण ते मी तिला सांगितलं नाही.

तिकडचे लोक खरोखर फोन करतात. नवव्या दिवशी साहेबाने तिला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, आपको जाना है ना? यल्ला, खलास."

कंत्राट वाढलं नाही. तिकडची जागाही दुसऱ्याच कुणाला मिळाली.

विमानतळावर मी तिची बॅग सोडेना. तीच म्हणाली, "काकू, नाव मी टाइप केलं होतं. घरी जाऊन जेवून घ्या."

मीरा, ज्याचं नाव देशील त्याला आधी विचार. विचारता येत नसेल, तर मला कळवल्याशिवाय यांना फोन करू नका, असं विद्यापीठाला स्पष्ट लिही. एवढी एक ओळ पुरली असती.

तिचे वडील अजून आहेत. ती नाशिकला कॉलेजात शिकवते आणि तिकडे अजून अर्ज करते. प्रत्येक अर्ज आधी मला तपासायला पाठवते. तो उघडला की मला माझंच 'नावापुरतं असतं ते' आठवतं. पण ती पाठवते.